प्रशिक्षण संपले, आता रुजायचे कसे?

(मिशन रविवारानिमित्त अभ्यासलेख. लेख वाचण्यापूर्वी घरात सर्वांनी मिळून संत लूककृत शुभवर्तमान १०:१-९ हा उतारा वाचावा.)



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार जगभरातील ख्रिस्तसभा मिशन रविवार म्हणून पाळते. पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली ही प्रथा सुरू केली. त्या दिवशी आपण मिशनसाठी प्रार्थना करतो, दानपेटीत यथाशक्ती दान टाकतो आणि घरी जातो. मात्र आपल्याच घरातील मुलगा किंवा मुलगी एक दिवस म्हणाली, "मी नर्सिंग पूर्ण केलं आहे, मला दोन वर्षं आफ्रिकेत सेवा करायला जायचं आहे," तर आपण काय म्हणू?

बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, "पगार किती?" दुसरा येतो, "तिथं सुरक्षित आहे का?" आईवडिलांनी हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, "तिथं गेल्यावर तू रुजशील का?"

सातारा-सांगलीच्या माणसाला रुजणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. रोपवाटिकेतले रोप कितीही जोमदार असले तरी शेतात लावल्यावर पहिले काही दिवस मान टाकते. त्या दिवसांत ते वाढत नाही, फक्त मुळे धरते. शेतकरी घाबरून ते उपटून पाहत नाही, पाणी देतो आणि वाट पाहतो. परदेशी सेवेला गेलेल्या स्वयंसेवकाचेही तसेच असते. प्रशिक्षण म्हणजे रोपवाटिका. खरी परीक्षा शेतात, परक्या मातीत होते. आजच्या लेखात आपण या मूळ धरण्याच्या काळाचा विचार करणार आहोत.

तीन माणसे

यासाठी आपण तीन माणसांची ओळख करून घेऊ. लेखात पुढे ती पुन्हा पुन्हा भेटतील.

पहिले आपल्याच परिसरातले. डॉ. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते १८८९ साली सांगलीला आले. पुढे ते जवळच्या मिरजेत स्थिरावले आणि १८९४ साली तेथे त्यांचे रुग्णालय सुरू झाले. सांगली आणि मिरजेच्या मधले वॉनलेसवाडी हे नाव आपण रोज घेतो, ते त्यांच्यावरूनच पडले आहे. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच आपल्याला सांगितले आहे की, इतर ख्रिस्ती बांधवांमध्ये दिसणारे चांगले आपण आनंदाने मान्य करावे. म्हणून त्यांच्याकडून शिकायला संकोच नको.

दुसरे गोव्याचे संत योसेफ वाझ. त्यांचा जन्म १६५१ साली बाणावली येथे झाला. १६८७ साली ते श्रीलंकेत गेले आणि १७११ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले.

तिसऱ्या एक आजीबाई, लिलियन कार्टर. या अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या परिचारिका. पती वारले होते, मुले मोठी झाली होती. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ साली, त्या 'पीस कोअर' या अमेरिकन स्वयंसेवक संघटनेत दाखल झाल्या. शिकागो येथे प्रशिक्षण घेताना त्या मराठी शिकल्या आणि मग मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात १९६८ पर्यंत त्यांनी सेवा केली. त्यांचा मुलगा जिमी कार्टर पुढे १९७७ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पण विक्रोळीत त्या आल्या तेव्हा त्या कोणा मोठ्या माणसाची आई नव्हत्या, एक साध्या स्वयंसेविका होत्या.

एक डॉक्टर, एक धर्मगुरू, एक आजी. तिघांची शतके वेगळी, देश वेगळे. पण तिघांनाही एकाच वाटेने जावे लागले. ती वाट प्रभू येशूने आधीच आखून ठेवली आहे.

येशूने दिलेला क्रम

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवतो. त्यांना तो काय सांगतो, ते कोणत्या क्रमाने सांगतो, हे नीट पाहा. आधी तो म्हणतो की थैली, झोळी, वहाणा घेऊ नका. मग, ज्या घरात जाल तिथे प्रथम शांती असो म्हणा. मग, त्याच घरात राहा, घरे बदलत फिरू नका. मग, पुढ्यात वाढतील ते खा. त्यानंतर कुठे तो म्हणतो, आजाऱ्यांना बरे करा. आणि सर्वात शेवटी, देवाचे राज्य जवळ आले आहे असे त्यांना सांगा.

आपण या उताऱ्यावरून घाईने पुढे जातो, म्हणून एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. जेवणे हे बरे करण्याच्या आधी आले आहे. ज्या कामासाठी शिष्यांना तयार केले, ते काम पाचव्या पायरीवर आहे. त्याच्या आधीच्या चारही पायऱ्यांवर शिष्य काही देत नाही. तो घेतो. दुसऱ्याच्या छपराखाली राहतो, दुसऱ्याच्या हातचे खातो, दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो.

आपल्याला वाटते, मी शिकलो, आता मी जाऊन देणार. प्रभू म्हणतो, आधी घ्यायला शीक. रुजण्याचे सारे रहस्य मला यात दिसते. आता एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी: थैली नको

थैलीत फक्त पैसे नसतात. तिच्यात प्रमाणपत्र असते, 'मला येतं' ही भावना असते, 'मी त्यांच्यासाठी एवढं सोडून आलो' हा हिशेबही असतो.

संत योसेफ वाझ श्रीलंकेला निघाले तेव्हा तेथील किनारपट्टी डच लोकांच्या ताब्यात होती. कॅथलिक उपासनेला बंदी होती. वाझ यांनी आपला झगा उतरवला आणि साध्या मजुराच्या वेशात ते गेले. गोव्यात त्यांना मान होता, ते प्रवचनकार म्हणून ओळखले जात होते. जाफना भागात पोहोचले तेव्हा त्यांना कोणी ओळखणारे नव्हते. त्यातच हगवणीने ते इतके आजारी पडले की स्थानिक लोकांच्या दयेवरच जगले. सेवा करायला गेलेल्या माणसाला आधी सेवा घ्यावी लागली.

प्रशिक्षण कधीच वाया जात नाही, पण ते नव्या जागी नव्याने जुळवून घ्यावे लागते. मिरजेतील तंतुवाद्यांचे कारागीर हे चांगले जाणतात. उत्तम जुळवलेला तंबोरा दमट हवेच्या गावी नेला की सूर उतरतो. वाद्यात दोष नसतो, हवा बदललेली असते. शहाणा वादक वाद्य फेकून देत नाही आणि गावाच्या हवेलाही नावे ठेवत नाही. तो बसून पुन्हा तारा जुळवतो. 'आमच्याकडे असं करत नाहीत' हे वाक्य ज्या स्वयंसेवकाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येते, त्याने अजून तारा जुळवायला घेतलेल्या नाहीत.

दुसरी पायरी: आधी शांतीचा शब्द

प्रभू सांगतो, घरात शिरताच शांतीचा शब्द बोला. पण कोणत्या भाषेत? अर्थात त्या घराच्या भाषेत.

इंग्लंडमधून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून झाले १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. आपण त्या ग्रंथाचा अभिमान बाळगतो, पण त्याच्यामागे किती वर्षांचे ऐकणे आहे याचा विचार करत नाही. जर्मनीहून आलेले फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून 'निरोप्या' मासिक सुरू केले. १९०७ साली ते आपल्या पुणे धर्मप्रांताचे बिशप झाले. पुढे साठी ओलांडल्यावर त्यांना जपानमध्ये हिरोशिमा भागात पाठवण्यात आले आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याला परतले. विचार करा, ज्याने मराठी मासिक चालवले, त्या माणसाला साठीनंतर जपानमध्ये पुन्हा बालवाडीत बसल्यासारखे झाले असेल.

भाषा शिकणे म्हणजे मोठ्या माणसाने पुन्हा लहान होणे. बाजारात पाच वर्षांचे पोरही तुमच्या उच्चाराला हसते. कॉलेजात पहिला आलेला तरुण 'मीठ' मागायला जातो आणि भलतेच घेऊन येतो. हे सहन करणे सोपे नाही. पण याचा लाभ मोठा आहे. जो तुमच्यावर हसू शकतो, तो तुम्हाला घाबरत नाही. आणि जो घाबरत नाही, तोच पुढे आपले दुखणे सांगतो.

डॉक्टर आणि परिचारिका यांना हे विशेष लागू आहे. आपल्याकडची म्हातारी 'छातीत धडधडतंय', 'पोटात कळ येतीया', 'अंगात कसकस हाय' असे सांगते. या तीन तक्रारी वेगळ्या आहेत हे ज्याला कळत नाही, त्याचे सारे शिक्षण दाराबाहेरच राहते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्हाला शिकवला जात असे. देणारा काहीही देवो, घेणारा ते आपल्या पात्राप्रमाणे घेतो. कळशीभर पाणी तांब्यात ओतले तर तांब्याएवढेच मावते, बाकीचे सांडते. म्हणून ज्याला द्यायचे आहे, त्याने आधी समोरच्याचे भांडे ओळखावे. भाषा शिकणे म्हणजे ते भांडे ओळखणे.

तिसरी पायरी: त्याच घरात राहा

प्रभूने घरे बदलू नका असे का सांगितले असेल? कारण शिष्यांना घरे बदलाविशी वाटणार हे तो जाणून होता. पहिल्या घरात अंथरूण टोचेल, दुसऱ्या घरी कालवण बरे असेल.

परदेशी सेवेचे पहिले काही आठवडे नवलाईचे असतात. सर्व काही सुंदर दिसते, रोज फोटो काढले जातात. मग नवलाई ओसरते. काम मनासारखे मिळत नाही, ज्या कामासाठी बोलावले ते सुरूच झालेले नसते, पावसात वीज जाते, पोट बिघडते, घरी नाताळची तयारी सुरू असल्याचे कळते. रात्री एकटेपणा दाटून येतो आणि मन म्हणते, 'देवाची इच्छा नसावी, परत जावं.' बंधुभगिनींनो, अशा वेळी येणारा प्रत्येक विचार देवाकडून आलेला नसतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची या बाबतीत एक सुज्ञ शिकवण आहे. मन अंधारात असताना, उजेडात असताना घेतलेला निर्णय बदलू नये. आधी अंधार सरू द्यावा.

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना पत्र पाठवले, तेव्हा त्यात लवकर परतण्याची आशा दाखवली नाही. त्याने सांगितले की घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा (यिर्मया २९:४-७). परक्या शहराचे भले ते आपले भले, असे मनाला पटले की माणूस तिथे राहायला लागला असे समजावे. तोवर तो फक्त मुक्कामाला असतो.

आपल्या काळात या पायरीवर एक नवीन अडचण आली आहे. ती म्हणजे खिशातला फोन. लिलियन कार्टर यांचे घरच्यांशी बोलणे पत्रांतून होई. आता व्हिडिओ कॉलवर आई रोज ताटात काय आहे ते पाहते. यात आनंद आहे, पण धोकाही आहे. शरीर केनियात आणि मन मिरजेच्या स्टेशन चौकात अशी अवस्था झाली, तर रोप दोन्हीकडे वाळते. म्हणून जाणाऱ्याने आणि घरच्यांनी आधीच ठरवावे की आठवड्यातून एक-दोनदा सावकाश बोलायचे. बाकीची संध्याकाळ शेजाऱ्यांच्या अंगणात घालवायची.

चौथी पायरी: पुढ्यात येईल ते खा

ही पायरी सर्वात सोपी वाटते, पण ती सर्वात अवघड आहे. आपल्याला भाकरी, ठेचा, अख्खा मसूर नसला तर जेवल्यासारखे वाटत नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा हेच रोजचे अन्न आहे. तो हाताने मोडून भाजीबरोबर खातात. पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही. पण ज्या माउलीने तो वाढला, तिने कदाचित आपल्या लेकरांच्या वाट्याचा वाढलेला असतो. ताट बाजूला सारणे म्हणजे तिला बाजूला सारणे.

(यात शहाणपण सोडायचे नाही. पाणी उकळून प्यावे, औषधाचे पथ्य असेल तर नम्रपणे सांगावे. प्रभूने खा म्हटले आहे, आजारी पडा असे म्हटलेले नाही.)

इथे 'खाणे' याचा अर्थ अन्नापुरता नाही. लोक जे देतील ते स्वीकारणे असा तो आहे. त्यांची मदत, त्यांचा सल्ला, त्यांचे प्रेम. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. म्हणून फक्त देत राहणारा माणूस नकळत वरचढ होतो आणि ज्याला सारखे घ्यावे लागते तो मनातून खचतो. गरिबाकडून काही घेतले की तो ताठ उभा राहतो. प्रभू येशूनेही समरोनी स्त्रीशी बोलणे कसे सुरू केले? तिच्याकडे पाणी मागून (योहान ४:७). जीवनाचे पाणी देणाऱ्याने आधी विहिरीचे पाणी मागितले.

लिलियनबाईंनी विक्रोळीत कुष्ठरोग्यांचीही सेवा केली. त्यांनी सत्तराव्या वाढदिवसाला घरी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ज्या वस्तूंवाचून आपले चालणार नाही असे वाटत होते, त्या सर्वांपासून इतक्या दूर आल्यावर जीवनाचा अर्थ उमगला, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. तो अर्थ त्यांनी दोन भागांत सांगितला. स्वतःला इतरांमध्ये वाटणे आणि त्यांचे आपल्यावरील प्रेम स्वीकारणे. पहिला भाग आपण प्रत्येक प्रवचनात ऐकतो. दुसरा भाग त्यांना विक्रोळीने शिकवला.

पाचवी पायरी: आता बरे करा

चार पायऱ्या चढून झाल्यावर हातातील कौशल्याला वाट मिळते. संत योसेफ वाझ यांचे जीवन पाहा. १६८७ साली ते आजारी पडून लोकांच्या आधाराने जगले. १६९२ साली कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. आणि १६९७ साली कँडीत देवीची भयंकर साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळू लागले, तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे फादर योसेफ कार्व्हालो मागे राहिले आणि रुग्णांची शुश्रूषा करू लागले. पोहोचल्यापासून दहा वर्षांनी! पण त्या वेळी ते परके राहिलेले नव्हते. ज्यांच्याकडे कोणी जात नव्हते, त्यांच्या उशाशी ते होते.

डॉ. वॉनलेस यांच्याकडून याच पायरीचा दुसरा भाग शिकावा. ते १८८९ पासून १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे या भागात राहिले. रुग्णालय तर उभे केलेच, पण त्यासोबत वैद्यकीय शिक्षणाची सोय केली, कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. यांतील शिक्षणाची सोय मला सर्वात मोलाची वाटते. परदेशी डॉक्टर कितीही कुशल असला तरी एक दिवस जाणारच. त्याने आपल्यामागे इथली माणसे तयार केली तर तो गेल्यावरही हात चालू राहतात. स्वयंसेवकाने पहिल्या दिवसापासून स्वतःला विचारावे, 'मी गेल्यावर हे काम कोण करील?' ज्याच्याशिवाय काम अडते असा स्वयंसेवक कितीही कष्टाळू असला तरी त्याचे काम अर्धेच झाले आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, इतके तिथले जवान सैन्यात गेले आहेत. तेथील कोणत्याही घरात विचारा. ट्रेनिंग संपून परेड झाली म्हणजे जवान तयार झाला असे कोणी म्हणणार नाही. पहिल्या पोस्टिंगवर जुने हवालदार त्याला घडवतात. आपल्या स्वयंसेवकाचे 'जुने हवालदार' म्हणजे त्या गावातील माणसे. तिथली सुईण, शाळेचा शिपाई, चर्चची घंटा वाजवणारे आजोबा. त्यांच्याकडून जो शिकेल तोच टिकेल.

आणि सहावी गोष्ट, देवाचे राज्य जवळ आले आहे हे सांगणे, ती इतके झाल्यावर फारशा शब्दांवाचूनही सांगितली जाते.

जाण्याचा विचार असेल तर

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या तरुण-तरुणीच्या मनात अशी इच्छा असेल, तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

१. एकट्याने जाऊ नये. प्रभूने दोघादोघांना पाठवले. मान्यताप्राप्त व्रतस्थ संस्था किंवा जबाबदार संघटना यांच्यामार्फतच जावे. आधी धर्मगुरूंशी बोलावे आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे.

२. 'परदेशात सेवेची संधी' म्हणून आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्या एजंटांपासून सावध राहावे. काम कोणते, मुदत किती, राहण्या-जेवणाची सोय कोणाची, आजारी पडल्यास खर्च कोणाचा, परतीचे तिकीट कोणाचे, हे लेखी घ्यावे.

३. व्हिसा कामाला साजेसा असावा. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करणे अनेक देशांत गुन्हा आहे, मग ते काम बिनपगारी का असेना. पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये. त्याची प्रत घरी ठेवावी.

४. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे.

५. जाण्यापूर्वी सहा महिने इथेच सेवा करून पाहावी. ज्याला आपल्या गल्लीतील आजारी म्हाताऱ्याजवळ अर्धा तास बसवत नाही, त्याला विमानाचे तिकीट बदलू शकणार नाही.

आईवडिलांना एवढेच सांगावेसे वाटते की, मूल फोनवर रडले तर लगेच 'ये परत' म्हणू नका. आधी ऐकून घ्या. जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तर क्षणभरही थांबू नका, संस्थेला आणि धर्मगुरूंना कळवा. पण दुःख फक्त रुजण्याचे असेल तर त्याला पाणी घाला, उपटू नका.

आपल्या दारी आलेले

आपल्यापैकी बहुतेकजण परदेशी सेवेला जाणार नाहीत. मग हा उतारा आपल्यासाठी नाही का? आहे. कारण त्यात पाठवलेले शिष्य आहेत, तसेच त्यांना दार उघडणारे घरही आहे. ते घर नसते तर शिष्य कुठे राहिले असते?

आपल्या भागातील शाळांत आणि दवाखान्यांत कितीतरी धर्मभगिनी केरळातून, कर्नाटकातून, गोव्यातून आलेल्या आहेत. त्या मराठी बोलताना अडखळल्या तर आपण हसतो का, की शब्द सुचवतो? साताऱ्याच्या आणि कुपवाडच्या एमआयडीसीत झारखंड-ओडिशाकडचे तरुण कामाला येतात. त्यांच्यातील काही कॅथलिक असतात. रविवारी असा एखादा तरुण मागच्या बाकावर येऊन बसतो आणि मिस्सा संपताच निघून जातो. त्याचे नाव आपल्याला माहीत असते का? साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड कुटुंबे आपल्या शिवारात पाले टाकून राहतात. त्यांची लेकरे शाळेला मुकतात. ती आपलीच भाषा बोलतात, तरी आपल्याला परकी वाटतात.

मिरजेने एकेकाळी एका परदेशी डॉक्टरला जागा दिली, विक्रोळीने एका अमेरिकन आजीला आपले म्हटले, श्रीलंकेने एका गोवेकराला संत केले. रुजणाऱ्याच्या धीराइतकाच मातीचा ओलावाही महत्त्वाचा असतो. आपल्या धर्मग्रामाची माती ओली आहे का, हे आपण पाहावे.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १०:१-९ मधील कोणती पायरी मला सर्वात अवघड वाटते? का?

२. गेल्या महिन्यात मी माझ्यापेक्षा गरीब माणसाकडून काही स्वीकारले का? तेव्हा मला काय वाटले?

३. आपल्या घरातील मुलाने सेवेसाठी दूर जायचे ठरवले तर आपण त्याला काय विचारू?

४. आपल्या समूहाच्या परिसरात बाहेरून आलेले कोण राहते? या महिन्यात त्यांच्यापैकी एका कुटुंबाला जेवायला कोण बोलावील, आणि त्यांच्या घरी जेवायला कोण जाईल?

(चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नये.)

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू स्वर्ग सोडून आमच्यात राहायला आलास. नाझरेथमध्ये तीस वर्षे तू आमची भाषा बोललास, आमचे अन्न खाल्लेस, आमचे काम शिकलास. तुझ्या नावाने दूर देशी गेलेल्या सर्वांना एकटेपणात धीर दे. त्यांना देण्याबरोबर घेण्याचीही नम्रता दे. आणि आमच्या दारी जे आले आहेत, त्यांना रुजता येईल असा ओलावा आमच्या मनात राहू दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू